पोलिओचा विषाणु : बदलणारा आणि न बदलणारा

वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या हातीं विषाणुशास्त्राचें पुस्तक प्रथम आलें म्हणजे नांवांच्या गर्दीनें तो भांबावून जातो. कुलें, वंश, जाती, सर्पिल कवच, विंशतिफलक कवच, एकपदरी धागा, दुपदरी धागा; परीक्षेच्या आदल्या रात्रीं हें सर्व घोकावें आणि परीक्षा संपतांच विसरून जावें, असाच बहुधा या शास्त्राचा अनुभव होतो. वास्तविक ही गर्दी थोडी बाजूला सारून एकाच विषाणूशीं नीट ओळख करून घेतली, तर वर्गीकरण कशासाठीं, अनुवंश म्हणजे काय आणि लस कां लागूं पडते किंवा कां फसते, या तिन्ही गोष्टींचा उलगडा एका ठिकाणीं होतो. या कामास पोलिओच्या विषाणूसारखा दुसरा गुरु मिळणें कठीण. तो अगदीं लहान आहे, त्याचा अभ्यास शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेला आहे, आणि त्याच्यावर दोन अगदीं भिन्न तऱ्हेच्या लशी निघाल्या आहेत. त्यांतील एक लस तर प्रसंगविशेषीं स्वतःच रोग होऊन बसते. हें कसें घडतें, हाच येथें मुख्य प्रश्न आहे.

१९०८ सालीं व्हिएन्ना येथें कार्ल लांडस्टायनर आणि एर्विन पोपर यांनीं पोलिओनें दगावलेल्या एका मुलाच्या मज्जारज्जूचा अंश माकडांना टोंचला आणि माकडांना तोच पक्षाघात झाला. सूक्ष्मदर्शकांतून पाहतां त्यांत एकही जंतु दिसेना. दिसणार तरी कसा? या विषाणूचा व्यास अवघा ३० नॅनोमीटर, म्हणजे तेहतीस हजार कण एका रांगेंत मांडावे तेव्हां कोठें एक मिलिमीटर भरावा. चार प्रकारच्या प्रथिनांचे प्रत्येकीं साठ तुकडे जुळवून केलेली एक डबी, आणि त्या डबींत आर. एन. ए. या द्रव्याचा एक धागा, एवढाच त्याचा संसार. त्याला स्वतःचा श्वास नाहीं, पचन नाहीं, वाढ नाहीं. २००२ सालीं एकार्ड विमर आणि त्यांचे सहकारी यांनीं केवळ कागदावरील अक्षरक्रम समोर ठेवून प्रयोगशाळेंतील रसायनांपासून हा विषाणु तयार केला आणि तो उंदरांना पक्षाघात आणूं शकला. तेव्हां विषाणु हा सजीव कीं निर्जीव, हा वाद हौशी तत्त्वज्ञांनीं खुशाल चालूं ठेवावा. वैद्याच्या दृष्टीनें महत्त्वाचें एवढेंच कीं, विषाणु म्हणजे एक लिहिलेला मजकूर आहे, आणि तो वाचणारें यंत्र आपल्या पेशींत आहे.

ही गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे वर्गीकरणाचें मर्म सांपडतें. पूर्वीं विषाणूंची विभागणी रोगांवरून करीत. काविळीचे एकत्र, मेंदूज्वराचे एकत्र, डासांनीं पसरणारे एकत्र. परंतु काविळीचे म्हणून जे पांच विषाणु गणले जातात, त्यांचें परस्परांशीं नातें उंट आणि बेडूक यांच्याइतकेंहि नाहीं. १९७१ सालीं डेव्हिड बाल्टिमोर या अमेरिकन शास्त्रज्ञानें एक साधा प्रश्न विचारला : पेशीचें यंत्र ज्या मजकुरावरून प्रथिनें बनवितें, त्या दूत आर. एन. ए. पर्यंत हा विषाणु कोणत्या वाटेनें पोंचतो? या प्रश्नाच्या उत्तरावरून त्यानें सहा वर्ग पाडले. पुढें त्यांत सातवा आला. देवी आणि नागीण यांचे विषाणु दुपदरी डी. एन. ए. चे, म्हणजे आपल्याच पेशींच्या रीतीनें चालणारे. पार्व्हो विषाणूचा डी. एन. ए. एकपदरी, मुलांना जुलाब आणणाऱ्या रोटा विषाणूचा आर. एन. ए. दुपदरी. गोंवर, इन्फ्लुएन्झा आणि पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग यांचे विषाणु म्हणजे शिक्क्यावर कोरलेलीं उलटीं अक्षरें. त्यांचा ठसा घेतल्याखेरीज पेशीला तीं वाचतां येत नाहींत, म्हणून ठसा घेणारें प्रथिन ते बरोबर घेऊन येतात. एड्सचा विषाणु आर. एन. ए. वरून उलट डी. एन. ए. लिहितो, ब प्रकारच्या काविळीचा डी. एन. ए. घेऊन येतो, परंतु आपली नक्कल आर. एन. ए. च्या वाटेनें करतो. पोलिओ या सर्वांहून सरळ. डेंग्यू आणि करोना यांच्याप्रमाणें तो चौथ्या वर्गांतला, म्हणजे त्याचा धागा सुलट लिहिलेला. पेशींत शिरतांच तो जसाच्या तसा वाचला जातो.

आंतरराष्ट्रीय समितीनें दिलेलीं कुलांचीं व वंशांचीं नांवें विद्यार्थ्यानें अवश्य शिकावीं. त्या पद्धतीप्रमाणें पोलिओ हा पिकोर्ना कुलांतील एन्टेरोव्हायरस वंशाचा विषाणु होय. पण बिछान्यापाशीं उपयोगी पडतो तो बाल्टिमोरचा प्रश्न.

पोलिओचा विषाणु तोंडावाटे शरीरांत जातो. घशाच्या आणि लहान आंतड्याच्या अस्तरांत तो वाढतो, तेथून रक्तांत उतरतो, आणि क्वचित् मज्जारज्जूच्या पुढील भागांतील, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींत शिरतो. हें ‘क्वचित्’ विसरतां कामा नये. पहिल्या प्रकारच्या विषाणूची बाधा झालेल्या सुमारें २०० मुलांत एखाद्यालाच पक्षाघात होतो. इतरांना थोडा ताप, घसादुखी किंवा कांहींच नाहीं. म्हणजे एक लुळा पाय दिसला तर त्यामागें शेंकडों धडधाकट मुलें विषाणु पसरवीत हिंडत आहेत, असें समजावें. देवीच्या रोग्याला शोधणें सोपें होतें, कारण अंगावर फोड असत. पोलिओचा बहुतेक संसार अदृश्य चालतो.

पेशीच्या पृष्ठभागावरील सी. डी. १५५ नांवाच्या प्रथिनाला चिकटून विषाणु आपला धागा आंत सोडतो. हा धागा सुमारें साडेसात हजार अक्षरांचा. मानवी पोथीची तीनशें कोटी अक्षरें पाहतां ही एखादी चिठ्ठीच म्हणावी. पेशीचें यंत्र ही चिठ्ठी एका दमांत वाचून एकच लांबलचक प्रथिन तयार करतें आणि मग तें प्रथिन स्वतःलाच ठिकठिकाणीं कापून कवचाचे भाग, कात्री आणि नक्कलकार असे वेगवेगळे नोकर बनवितें. सहा ते आठ तासांत हजारों नवे कण घेऊन पेशी फुटते.

यांतील नक्कलकाराकडे विशेष लक्ष दिलें पाहिजे, कारण पुढील सर्व कथा त्याच्या हस्तदोषाची आहे. जुन्या काळीं पोथ्या उतरून काढणारे लेखनिक असत. त्यांतील चांगला लेखनिक लिहून झाल्यावर मूळ पोथीशीं ताडून पाही. आपल्या पेशींतील डी. एन. ए. ची नक्कल करणारें प्रथिन अशा जातीचें. पोलिओचा नक्कलकार मात्र ताडून पाहत नाहीं. दर दहा हजार अक्षरांमागें त्याची सुमारें एक चूक होते, आणि चिठ्ठी साडेसात हजार अक्षरांची. याचा अर्थ असा कीं, एका रोग्याच्या आंतड्यांत अब्जावधि कण असले तरी त्यांत मूळ चिठ्ठीची तंतोतंत प्रत थोड्याच कणांत असते. ज्याला पुस्तकांत ‘पोलिओचा विषाणु’ म्हणतात, ती एक व्यक्ति नसून किंचित् किंचित् भिन्न अशा भावंडांची जत्रा असते. यांतील बहुतेक चुका घातक ठरतात व ते कण वाया जातात. कांहींनीं फरक पडत नाहीं. आणि एखादी चूक परिस्थितीला सोयीची पडली तर तीच पुढें चालते. याखेरीज दोन नातलग विषाणु एकाच पेशींत शिरले तर नक्कलकार अर्धी चिठ्ठी एकाची आणि अर्धी दुसऱ्याची उतरून मोकळा होतो.

येथें हुशार विद्यार्थी चटकन् अनुमान काढतो : आर. एन. ए. चा विषाणु, म्हणजे सतत बदलणारा; सतत बदलणारा, म्हणजे लशीला न जुमानणारा. अनुमान सुबक आहे, पण खरें नाहीं. इन्फ्लुएन्झाला तें लागू पडतें. त्याची पोथी आठ सुट्या पानांची आहे, आणि कवचावरील प्रथिनाचा चेहरा तो वरचेवर पालटतो, म्हणून लसहि वरचेवर पालटावी लागते. परंतु गोंवराचा विषाणूहि आर. एन. ए. चाच असून १९६० नंतरच्या दशकांतील वाणांची लस आजहि चालते. पोलिओचे तीन प्रकार होते. तीनाचे चार कधीं झाले नाहींत. १९५५ च्या लशीसाठीं पहिल्या प्रकारचा जो ‘महोनी’ वाण निवडला होता, तो मृत लशींत अद्यापि वापरतात आणि त्यापासून उत्पन्न झालेलीं प्रतिपिंडें आजच्याहि विषाणूला अडवितात. मजकूर बदलत असतां चेहरा कां बदलत नाहीं? कारण त्या साठ-साठ तुकड्यांच्या डबीची जुळणी इतकी घट्ट आहे कीं, बाहेरील अक्षर फार हललें तर डबी मिटत नाहीं किंवा पेशीच्या दाराशीं बसत नाहीं. चुका सर्वत्र होतात. पण टिकतात त्या जेथें टिकूं दिल्या जातात तेथेंच. म्हणून ‘हा विषाणु किती बदलतो’ यापेक्षां ‘याचा कोणता भाग बदलूं शकतो’ हा प्रश्न वैद्याला अधिक उपयोगी.

आतां लशींकडे वळावयाचें. १९४९ सालीं बोस्टनमध्यें एन्डर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनीं मज्जातंतूंच्या नसलेल्या पेशींवर प्रयोगशाळेंत हा विषाणु वाढविला आणि १९५४ सालीं त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. त्यापूर्वीं माकडाच्या मज्जारज्जूवांचून विषाणु मिळत नसे. जोनास साल्क यांनीं असा वाढविलेला विषाणु फॉर्मालिननें मारून त्याची टोंचावयाची लस केली. तिच्या यशाची घोषणा १२ एप्रिल १९५५ रोजीं झाली. त्याच महिन्यांत कॅलिफोर्नियांतील एका कारखान्याच्या कांहीं बाटल्यांत विषाणु पुरता मेलेला नसल्याचें उघडकीस आलें. लस घेतलेलीं मुलें आणि त्यांच्या सहवासांतील माणसें मिळून दीडशेंहून अधिक जणांना पक्षाघात झाला आणि दहा दगावले. गुठळ्यांच्या आंत दडलेल्या कणांपर्यंत औषध पोंचलें नव्हतें. तपासणीचे नियम कडक झाल्यावर असा प्रकार पुन्हां घडला नाहीं.

मृत लस रक्तांत प्रतिपिंडें उत्पन्न करते, म्हणून विषाणु मज्जारज्जूपर्यंत जाऊं शकत नाहीं व मूल लुळें होत नाहीं. परंतु आंतड्यांत वाढणाऱ्या विषाणूला ती फारसा अडथळा करीत नाहीं. आल्बर्ट सेबिन यांनीं वेगळा मार्ग धरला. माकडांच्या शरीरांतून व त्यांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवरून वारंवार नेऊन त्यांनीं जिवंत पण दुबळे वाण निवडले. १९५९ सालीं सोव्हिएट संघांत लक्षावधि मुलांना ती लस देण्यांत आली. दोन थेंब जिभेवर टाकावयाचे. सुई नाहीं, खर्च अल्प, आणि लशीचा विषाणु आंतड्यांत वाढून खऱ्या विषाणूची जागाच अडवितो. शिवाय लस घेतलेल्या मुलापासून तो शेजारच्या मुलांकडेहि जातो आणि त्यांनाहि फुकटांत संरक्षण देतो. हा त्या लशीचा सर्वांत मोठा गुण. आणि तिचा दोषहि नेमका येथेंच आहे.

सेबिन यांनीं वाण निवडले तेव्हां ते दुबळे कां झाले हें कोणाला ठाऊक नव्हतें. अक्षरें वाचण्याची विद्या आल्यावर समजलें कीं, दुसऱ्या प्रकारच्या वाणाचा दुबळेपणा मुख्यतः दोन अक्षरांवर उभा आहे. तिसऱ्या प्रकारांत ४७२ व्या जागीं मूळच्या ‘सी’ ऐवजीं ‘यू’ आहे. हें अक्षर चिठ्ठीच्या प्रास्ताविक भागांत, जेथून पेशीचें यंत्र वाचन सुरू करतें तेथें, येतें. तें बदललें म्हणजे वाचन मंदावतें, विशेषतः मज्जापेशींत. चेहरा मात्र तसाच राहतो, म्हणून प्रतिपिंडें बरोबर तयार होतात. पण नक्कलकार न ताडणारा! मुलाच्या आंतड्यांत ‘यू’ चा पुन्हां ‘सी’ व्हावयास थोडे दिवस पुरतात, आणि असा कण जोमानें वाढत असल्यामुळें लौकरच तोच वरचढ होतो. लस घेतलेल्या बहुतेक मुलांच्या विष्ठेंत असे मूळपदावर आलेले कण सांपडतात. तोंवर मुलाच्या शरीरांत प्रतिकार तयार झालेला असतो, म्हणून इजा होत नाहीं. होते ती क्वचित्. पहिल्या डोसाच्या सुमारें २७ लाख मुलांमागें एकास पक्षाघात, असें हें प्रमाण सांगतात. परंतु ज्या वस्तींत बहुसंख्य मुलांना लसच मिळालेली नाहीं, तेथें हा कण एका मुलाकडून दुसऱ्याकडे महिनोन्‌महिने फिरत राहतो, वाटेंत इतर एन्टेरोविषाणूंचे तुकडे उचलतो आणि अखेरीस रानटी विषाणूइतकाच धोकादायक बनतो. २००० सालीं हैती व डोमिनिकन प्रजासत्ताक यांच्या बेटावर उद्भवलेली सांथ या तऱ्हेची पहिली ओळखलेली सांथ होय. या सांथी लशीच्या अतिरेकानें नव्हे, तर तिच्या तुटवड्यानें होतात. ही गोष्ट विद्यार्थ्याला पालकांपुढें अनेकदां सांगावी लागेल, म्हणून ती नीट समजून घेतलेली बरी.

भारतांत याच लशीचा दुसरा एक दोष प्रथम ठळकपणें दिसला. उत्तर प्रदेशांत आणि बिहारांत आठ-आठ, दहा-दहा वेळां थेंब घेतलेलीं मुलेंहि लुळीं होऊं लागलीं. लोक म्हणत लस पाण्यासारखी आहे; कांहीं डॉक्टर म्हणत बर्फाची व्यवस्था ढिली आहे. हिशेब मांडला तेव्हां दिसलें कीं, उत्तर प्रदेशांत तिन्ही प्रकारांच्या एकत्रित लशीचा एक डोस पहिल्या प्रकाराविरुद्ध अवघ्या ९ टक्के मुलांत लागूं पडत होता. दाट वस्ती, जुलाब आणि आंतड्यांतील इतर विषाणूंची गर्दी हीं एक कारणें. आणि दुसरें असें कीं, तिघांपैकीं दुसऱ्या प्रकारचा वाण फार आडदांड. तो आंतड्यांत आपला पाट मांडतो आणि उरलेल्या दोघांना उपाशी ठेवतो. ज्याच्यासाठीं त्याला आंत घ्यावयाचें, तो दुसऱ्या प्रकारचा रानटी विषाणु तर १९९९ सालीं अलीगढला शेवटचा दिसला होता. तेव्हां २००५ सालीं एकट्या पहिल्या प्रकारची आणि २०१० सालीं पहिल्या व तिसऱ्या प्रकारांची दुहेरी लस आणली गेली. २००९ सालीं देशांत ७४१ मुलें पक्षाघातानें पछाडलीं होतीं. २०१० सालीं ४२. आणि १३ जानेवारी १९११ च्या बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १३ जानेवारी २०११ रोजीं, हावडा जिल्ह्यांतील एका मुलीचा आजार सुरू झाला, तो रानटी पोलिओचा भारतांतील शेवटचा. २७ मार्च २०१४ रोजीं आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

भारतांतील अनुभवानें दुसऱ्या प्रकाराविषयींचा पुढील निर्णय जवळ आणला. रानटी रूपानें तो नाहींसा झाल्याचें २०१५ सालीं जाहीर झालें. आतां त्याच्यापासून पक्षाघात होत होता तो केवळ लशींतून. म्हणून एप्रिल २०१६ मध्यें दीडशेंहून अधिक देशांनीं सुमारें पंधरा दिवसांच्या अवधींत तिहेरी लस बंद करून दुहेरी लस सुरू केली. अनुवंशशास्त्राच्या दृष्टीनें विचार अचूक होता. व्यवहारांत दोन उणिवा राहिल्या : कित्येक भागांत तो विषाणु आधींपासूनच मुलांतून फिरत होता, आणि संरक्षणासाठीं ठरविलेली मृत लस वेळेवर पुरेशी मिळाली नाहीं. त्या तारखेनंतर जन्मलेलीं मुलें दुसऱ्या प्रकाराला अगदीं कोरीं राहिलीं. साथ उठली कीं तोच दुसरा वाण पुन्हां पाजावा लागे, आणि त्या थेंबांतून कांहीं ठिकाणीं पुढील साथ पेरली जाई. तीन हजारांहून अधिक मुलें लुळीं झालीं, त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेंतील. २००० सालापासून केवळ मृत लस वापरणाऱ्या अमेरिकेंतहि २०२२ सालीं न्यूयॉर्कजवळ लस न घेतलेल्या एका तरुणाला याच विषाणूनें गांठलें. २०२४ सालीं गाझांत, युद्धानें लसीकरण मोडून पडलें असतां, दहा महिन्यांच्या एका बालकाला. तेथें पंचवीस वर्षांत असें घडलें नव्हतें.

आणि मग शास्त्रज्ञांनीं असा प्रश्न केला कीं, सेबिन यांना जें दैवानें मिळालें तें विचारपूर्वक कां लिहूं नये? दुसऱ्या प्रकाराच्या नव्या थेंबांत प्रास्ताविक भागाची जुळणी अशी बदलली आहे कीं, एका अक्षराच्या चुकीनें मूळपद येऊं नये; बऱ्याच चुका एकदम व्हाव्या लागाव्या. नक्कल करण्यास आवश्यक असलेला एक तुकडा मूळ जागेवरून उचलून त्या भागाच्या शेजारीं नेऊन ठेवला आहे, म्हणजे दुसऱ्या विषाणूकडून तो भाग उसना घेऊं पाहणारा कण स्वतःचाच आवश्यक तुकडा गमावून बसतो. शिवाय नक्कलकाराला किंचित् अधिक काळजीपूर्वक लिहावयास लावलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें नोव्हेंबर २०२० मध्यें या लशीच्या आणीबाणीच्या उपयोगास व डिसेंबर २०२३ मध्यें पूर्ण मान्यता दिली. तरीहि २०२३ सालीं बुरुंडी व काँगो येथें तिच्यापासून निघालेले विषाणु सांपडले. पूर्वीच्या मानानें पुष्कळच कमी, पण सांपडले.

कोणता विषाणु कोठून आला हें कळतें कसें? त्या हस्तदोषावरूनच. कवचाच्या पहिल्या प्रथिनाच्या सुमारें ९०० अक्षरांत वर्षाला शेंकडा एक, म्हणजे नऊएक अक्षरांचा बदल सांचतो. बहुतेक असे कीं ज्यांनीं प्रथिन बदलत नाहीं. लशीच्या मूळ मजकुराशीं हीं अक्षरें ताडलीं कीं हा कण किती काळ फिरत आहे हें सांगतां येतें. पहिल्या व तिसऱ्या प्रकारांत दहा किंवा अधिक, दुसऱ्यांत सहा किंवा अधिक अक्षरांचा फरक दिसला तर तो ‘लशीपासून निघालेला’ म्हणून नोंदला जातो आणि चौकशी सुरू होते.

ही सारी यंत्रणा एका साध्या सवयीवर अवलंबून आहे. पंधरा वर्षांखालील कोणत्याहि मुलाचा हात किंवा पाय एकाएकीं लुळा पडला, मग निदान कांहींहि वाटो, तर तें कळवावयाचें, आणि चौदा दिवसांच्या आंत, चोवीस तासांच्या अंतरानें, विष्ठेचे दोन नमुने घ्यावयाचे. महाराष्ट्रांतील नमुने बर्फांत ठेवून मुंबईंत परळला, हाफकिन संस्थेच्या आवारांतील प्रयोगशाळेकडे जातात. पूर्वींचें एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्र तें हेंच. आतां ती राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेची मुंबई शाखा आहे. २००१ सालापासून शहराच्या सांडपाण्याच्या बाटल्याहि तेथें येतात. कारण दोनशें मुलांपैकीं जीं लुळीं पडलीं नाहींत, त्यांचा निरोप गटारांतूनच मिळावयाचा.